चार बोटं उघडी काच

"गाडीत कोण कोण बसते?" हरीशनं विचारलं.

"हा काय प्रश्न झाला? मी आणि आई."

"आणखी?"

"आणखी कोण बसणार?"

"मग मले समजावून सांगा ताई, माझ्या दारात उभी असली की ही गाडी बर्फासारखी गार होते, अन् तुमच्या हाती गेली की भट्टी. काऊन?"

बॉनेट उघडं होतं. आत दोन रबरी नळ्या लावलेल्या, एक निळी, एक लाल, आणि त्यांच्या टोकाला दोन घड्याळांसारखी यंत्रं. दोन्ही काटे जिथं असायला हवेत तिथंच होते. गॅस पुरेसा होता. गळती नव्हती, ती त्यानं साबणाचा फेस लावून आधीच पाहिली होती. पुढचा पंखा फिरत होता. जाळीत साचलेली कापसाची बोंडबोंड रुई पाण्यानं धुऊन काढली होती. हिंगणघाटात जिनिंगच्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या जाळीत ती असते. फिल्टर नवा. त्यानं एसीच्या समोरच्या झरोक्यात एक पातळ थर्मामीटर खोचला आणि मला वाकून बघायला लावलं.

"सात. सात अंश हवा येऊन राहिली. याच्यापेक्षा गार पाहिजे तर मग फ्रिजमध्येच बसा."

"काल बुटीबोरीपर्यंत माझा ब्लाउज ओला झाला होता हरीश. आईचे हात तापलेले."

"तेच म्हणतो मी." तो नळ्या काढू लागला. मग आठवल्यासारखं विचारलं, "अन् तो वास? तो तरी गेला की नाही?"

"तो गेला."

"चला. एक तरी काम झालं म्हणा."

आजही कुणी एसीची तक्रार घेऊन आलं की हरीश येंडे बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, गाडीत कोण कोण बसतं? लोकांना वाटतं, गंमत करतो.

*

वास गेला होता. हे वाक्य इथं एकटंच राहू द्या.

*

आई नर्स होती. निवृत्त झाल्यावरही तिला गावात कुणी नावानं हाक मारली नाही, नर्सबाईच. हरीशलाही तिनंच जन्माला घातला होता, म्हणजे त्याच्या आईच्या मदतीला तीच होती, आणि तो हे गिऱ्हाइकांना सांगायचा: "मी उलटा येऊन राहिलो होतो, नर्सबाईनं सरळ केलं." आई म्हणायची, "अर्धाच सरळ झाला."

नोकरीची सगळी वर्षं ती लसीचा निळा डबा घेऊन गावोगाव फिरली. आधी सायकलवर, मग मोपेडवर. त्या डब्याचं तिला वेड होतं. मदतनीस बायांवर ती एकाच शब्दासाठी ओरडायची: "झाकण!" घरीसुद्धा मी फ्रिजचं दार उघडून विचार करत उभी राहिले की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "वैजू, झाकण!" गार एकदा गेलं की परत येत नाही, औषध पाणी होते, हे तिचं तत्त्वज्ञान होतं. दुसरं तिच्याजवळ नव्हतं.

तिची मूत्रपिंडं गेली तेव्हा गावात डायलिसिसचं यंत्र आलेलं नव्हतं. एक दिवसाआड नागपूर. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली, एक जुनी गाडी घेतली, ती चालवायला शिकले. आई मागं, माझ्या पाठीशी बसायची, म्हणजे येताना आडवं होता यावं. आणि बोलायची. बोलायची म्हणजे, रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचायची.

"साईकृपा टायर वर्क्स. हे नवीन आहे. संत्रा बर्फी, असली. असली म्हणजे दुसऱ्याची नकली का? पुढे गतिरोधक आहे. गतिरोधक पुढे आहे की मागे गेला बाप्पा, आत्ताच आदळलो. अन्नपूर्णा रसवंती. वैजू, येताना रस पिऊ."

"तुला रस चालत नाही आई."

"तुले तर चालते. मी पाहीन."

पाण्याचा घोटही मोजून घ्यायचा होता तिला. आणि ती मला रस पिताना पाहायची खरंच, मालकाला सांगायची, हिले आलं जास्त टाका.

ऊन तापू लागलं तशी तिनं तिच्या खिडकीवर ओला पंचा टांगायला सुरुवात केली. वरच्या कडीला दोन सेफ्टी पिना. ऊन तिच्या बाजूनं यायचं, आमच्याकडे सगळेच टांगतात, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. मागून त्याची फडफड ऐकू यायची. त्या फडफडीवर आवाज चढवून ती पाट्या वाचायची, तोंड पंचाच्या बाजूला करून.

*

हे सगळं गमतीचं वाटेल. तसं नव्हतं. जामजवळ एकदा येताना पाट्या थांबल्या. मी म्हटलं, झोपली असेल. आरशात पाहिलं तर मान भलत्याच कोनात होती. गाडी बाजूला घेतली, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, पाय उचलून धरले, तसं तिनंच मला शिकवलं होतं. उघड्या दारातून तापलेला वारा आत घुसत होता, ट्रक जात होते. तिनं डोळे उघडून आधी मी तिचे पाय कसे धरले आहेत ते पाहिलं. "आणखी वर," म्हणाली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

"रक्तदाब आधीच उतरलेला असतो यांचा. त्यात दीड-दोन तास असल्या उन्हात? गाडीला एसी नाही?"

"आहे. गार होत नाही."

"मग दुरुस्त करा. नाहीतर यांना इथंच भरती ठेवू, पावसाळ्यापर्यंत. पुन्हा असं झालं तर मी घरी सोडणार नाही."

आईनं दारातून ऐकलं होतं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "दवाखान्यात आयुष्य काढलं वैजू. माहीत आहे मले, खाटेवर पडलेल्या बाईशी लोक कसे बोलतात. मीही तसंच बोलायची. तिथं नको ठेवू."

"नाही ठेवणार. एसी होईल नीट."

"हाव," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "हरीश करेल."

म्हणून मी त्याच्या दारात तिसऱ्यांदा उभी होते. पहिल्या दोन वेळा मी त्याला नको ते बोलले होते. गॅस भरल्याचं नुसतं सांगतोस, म्हणाले होते. त्यानं ऐकून घेतलं होतं.

"असं करू," तो हात पुसत म्हणाला. "उद्या तुम्ही निघाल तेव्हा मी बसतो संगं. जामपर्यंत येतो, तिथून कोणाच्या टेम्पोनं परत येईन. जे तुम्ही रोज करता तेच करा. काही वेगळं नका करू."

*

तो माझ्या शेजारी बसला. थर्मामीटर झरोक्यात. आई मागं, पंचा टांगून.

"नर्सबाई, कशी आहे तब्येत?"

"तब्येत मशीनले विचार. मी नुसती सोबत जातो."

गाव सुटलं. हरीश काही वेळ काट्याकडे बघत राहिला, मग हात मागं नेऊन सीटच्या पाठीजवळ हवेत धरला, जसं कुणी पाऊस येतोय का ते बघतं. पुन्हा काटा. पुन्हा हात.

"सात," तो म्हणाला. "पुढं सात अन् मागं चाळीस."

मग तो सीटबेल्ट काढून मागं वळला, गुडघ्यावर उभा राहिला आणि त्यानं पंचा उचलला.

काच खाली होती. चार बोटं. त्याच्या हाताची आडवी चार बोटं त्या फटीत बरोबर बसली, त्यानं ती मला आरशात दाखवली.

"नर्सबाई," तो म्हणाला, "हे काय आहे हो?"

"काच."

"उघडी काऊन?"

आई त्याच्याकडे पाहत होती. मग तिनं मोठ्या सहजपणे सांगितलं, "कूलर लावला की खिडकी उघडी लागते न? नाहीतर उबते. चिकचिक होते."

हरीशनं डोकं सीटच्या पाठीवर टेकवलं आणि हसायला लागला, खांदे हलवत, आवाज न करता. मीही हसले. रडू येईपर्यंत हसले. किती दिवस झाले होते कुणी त्या गाडीत हसून. आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात उन्हाळ्यात कूलरसमोरची खिडकी उघडीच असते, नाहीतर भिंती घामेजतात. माझ्या सासूनंही हेच केलं असतं.

"नर्सबाई, हा कूलर नाही, एसी आहे. याले सगळं बंद लागते. मी अख्खी गाडी खोलली तुमच्यापायी. ताईनं माझा उद्धार केला दोनदा."

"हाव का? मले कोणी सांगतलं?" आई म्हणाली. "मी म्हातारी बाई."

ती हसत होती की नाही, मी पाहिलं नाही. पुढं ट्रक होता.

जामला हरीश उतरला. त्यानं मागचं दार उघडलं, हँडल फिरवून काच शेवटपर्यंत वर नेली, आईच्या हाताला हात लावून म्हणाला, "आता उघडायची नाही हं." आणि पंचाही काढून घडी करून तिच्या मांडीवर ठेवला.

*

गाडी गार झाली. पहिल्यांदा मला माझ्या मनगटांवर गार लागलं.

"समुद्रपूर उजवीकडे," आई म्हणाली. "विदर्भ धाबा. शुद्ध शाकाहारी. शेजारी बिअर बार."

मग वास आला. तोच. नवसागराचा, बंद मुतारीचा. आधी थोडा, मग डोळ्यांत चुरचुरेल इतका. मी झरोका तेवढा माझ्या नाकाकडे वळवला.

"पुढे—" आई म्हणाली, आणि पुढची पाटी तिनं वाचली नाही.

तिला आत यंत्राला लावल्यावर मी व्हरांड्यात येऊन हरीशला फोन केला.

"झालं का गार?"

"गार झालं. वास परत आला."

"आँ? मग ब्लोअरमध्येच काही असेल. पाणी साचलं असेल नाहीतर काही मरून पडलं असेल. उघडावा लागेल. कधी येते? पूर्ण वेळ?"

"नाही. जातानाच. येताना नसतो."

"हे नवीनच. एसीले काय समजते जाताना अन् येताना?"

बाकावर माझ्या बाजूला गुल्हाने काकू बसल्या होत्या. त्यांचे यजमान आईच्या शेजारच्या खाटेवर असायचे. मी फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "कसला वास येते गाडीत?"

मी सांगितलं.

"जाताना जास्त अन् येताना कमी?"

"हो."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवलं, पिशवीची गाठ मारली.

"तो गाडीचा नाही बाई," त्या म्हणाल्या. "रक्तात घाण साचली की तोंडाले येते तो. यंत्रावरून उतरले की कमी होते. आमच्या यांचाही येते. त्यांना मी म्हणत नाही. तुमच्या आई तर नर्स होत्या न? त्यांना तर माहीतच असेल."

*

इथं मी थांबते, कारण मी हे चुकीच्या टोकापासून सांगितलं. हरीश बॉनेट उघडण्याआधी नेहमी विचारायचा, पहिली तक्रार काय होती? आणि मी त्याला प्रत्येक वेळी गार न होण्याची तक्रार सांगितली. तिथूनच इथंही सुरू केलं. पण पहिली तक्रार ती नव्हती.

पहिली तक्रार मी गाडी चालवत असताना केली. एसी छान चालू होता. सगळ्या काचा बंद होत्या. पंचा नव्हता. आई मागं कुठलीशी पाटी वाचत होती आणि मी तिला म्हटलं, थांब जरा. फोन स्पीकरवर टाकून पुढच्या काचेजवळ ठेवला.

"हरीश, अरे गाडीला वास येतोय."

"कसला?"

"मुतारीसारखा. डोकं उठतं. काही मेलंय का आत? माणूस बसू शकत नाही रे या गाडीत, इतकी घाण."

"या घेऊन. फिल्टर बदलतो."

"लवकर कर. मला रोज याच्यात कोंडून घ्यावं लागतं."

एवढंच. फोन ठेवला. आई म्हणाली, "मार्चमध्येच ऊन तापलं." थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्या बाजूनं फार येते. उद्या पंचा आणतो."

*

झाकण. आयुष्यभर जिनं त्या एका शब्दासाठी लोकांना फैलावर घेतलं तिला, खिडकी उघडी ठेवली तर गार निघून जातं, हे कुणी सांगावं लागत होतं? कूलरचं निमित्त तिनं किती दिवस आधी तयार ठेवलं होतं कोण जाणे. जामला मान टाकली तेव्हाही पंचा पिनांना होता आणि काच चार बोटं खाली होती.

व्हरांड्यातून मी हरीशला पुन्हा फोन लावला.

"मला एक उंदीर पाहिजे."

"काय पाहिजे?"

"मेलेला. तू ब्लोअर उघडला आणि त्यात तो सापडला, असं आईला सांगायचं."

त्यानं विचारलं, "वास नर्सबाईचा आहे का?"

"हो."

"अन् त्यांना माहीत आहे."

"तिला फक्त एवढं वाटलं पाहिजे की तिचा नव्हता. की मी ते गाडीबद्दलच बोलले होते."

"तुम्ही गाडीबद्दलच बोलल्या होत्या ताई."

"तू आणशील की नाही?"

"नर्सबाईशी खोटं," तो म्हणाला. "बरं. आणतो."

*

पुढच्या खेपेला निघताना मी गाडी त्याच्या दारात थांबवली. हरीश वर्तमानपत्राचा पुडा घेऊन आला आणि आईच्या दारापाशी उकिडवा बसला. चांगलं काम केलं त्यानं. नाक मुरडलं, मान हलवली.

"हे पाहा नर्सबाई, चोर सापडला. ब्लोअरच्या पार आत घुसला होता. तरीच म्हटलं, वास येते कुठून."

आईनं पर्समधून चष्मा काढला. लावला. पुड्यातल्या उंदराकडे तिनं वाकून पाहिलं, जसं ती कुणाचंही गळू, कुणाचीही जखम पाहायची, घाई न करता. उंदराचं अंग अजून मऊ होतं. मिशा ताठ. मानेवर सापळ्याच्या तारेचा दाब उमटलेला. मलाही तो उभ्याउभ्या दिसला.

"कधीचा मेला?" तिनं विचारलं.

"झाले असतील," हरीश जमिनीकडे पाहत म्हणाला, "दोन-तीन हप्ते."

आईनं चष्मा काढला. हरीशच्या डोक्यावर हात ठेवला, ठेवला आणि किंचित दाबला.

"बरं झालं बाप्पा सापडला ते," ती म्हणाली. "वैजूचं डोकं उठत होतं. हात धू साबणानं."

मग तिनं आज निघताना पुन्हा लावलेल्या पिना काढल्या. अजून न भिजवलेल्या पंचाची घडी केली, घडीवर घडी, पर्सखाली ठेवली. हँडल फिरवून काच स्वतः वर नेली. तिच्यात जोर नव्हता, मधे दोनदा थांबली. मी मदत करायला हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला. काच वर जाऊन बसली.

"लागलं झाकण," ती म्हणाली.

आणि पदर घेऊन तोंडावर धरला.

मी गाडी काढली. जिनिंगचा रस्ता, पूल, बायपास. साईकृपा टायर वर्क्स आलं आणि गेलं. आरशात तिचे डोळे दिसत होते, पदराच्या वर. ते पाट्यांवरून पूर्वीसारखेच फिरत होते, प्रत्येक पाटीवर थांबत होते, मागं वळून शेवटची अक्षरं पाहत होते.

"आई, हा नवीन धाबा बघ," मी म्हटलं.

तिनं मान हलवली.

"संत्रा बर्फी, असली," मी वाचलं. तिचा आवाज मला नीट काढता येत नव्हता. "असली म्हणजे दुसऱ्याची नकली का?"

तिचे डोळे हसले. पदर हलला नाही.

"अन्नपूर्णा रसवंती. येताना थांबू या?"

मान. हो.

जाम आलं. हरीश थर्मामीटर झरोक्यातच विसरला होता, की त्यानं मुद्दाम ठेवला होता. सात. पुढं सात आणि मागंही बहुतेक तेवढंच असावं, कारण तिनं मोकळा हात स्वेटर शोधावा तसा पर्सकडे नेला आणि पंचा खांद्यांवर ओढून घेतला.

"गार लागतंय का? कमी करू?"

तिनं पदराआडूनच मान हलवली, नको. असू दे.

नागपूर येईपर्यंत गाडी गार राहिली. वास जराही आला नाही.